थांबण्याची शीळ

हुहानाने ओठ दातांवर ताणले, जीभ मागे दुमडली आणि थांबण्याची शीळ घातली. लांब, सपाट, शेवटपर्यंत एकाच पट्टीतली. समोरच्या उतारावर मॉस चाळीस मेंढ्यांच्या मागून वळसा घालत होता. त्याने एक कान मागे टाकला, म्हणजे शीळ ऐकली, आणि तसाच पुढे गेला.

"मॉस! थांब!"

कसला थांबतोय! मेंढ्या बिथरल्या. कळप मधोमध फाकला, अर्धा कुंपणावर जाऊन आदळला, अर्धा ओढ्यात उतरला. हुहाना गवतात थुंकली. थुंकी आजही तांबडी होती.

"वन्सं, तुमचा कुत्रा आज रजेवर आहे वाटतं," कुंपणावर बसलेली पारे म्हणाली.

पारे म्हणजे तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. तिच्यासारखीच मेंढ्यांमागे डोंगर तुडवून पन्नाशी ओलांडलेली. एरवी ती हुहानाला अगं-तुगं करायची. चिडवायचं असलं की मात्र हा मान मिळायचा.

"कुत्र्याचं काही चुकत नाहीये," हुहाना म्हणाली. "शीळ फाटतेय माझी. वरचा पुढचा दात हलतोय. हवा निसटते."

"आणि तो का हलतोय?"

"ह्याच्यामुळे." तिने गळ्यातल्या दोरीला लटकलेला व्हेप, ती विजेवरची सिगारेट, बोटाने उडवला. "पस्तीस वर्षं तंबाखू ओढली, एक थेंब रक्त आलं नाही. हे आंब्याचं धुकं घ्यायला लागून पाच महिने झाले, तर दात घासले की बेसिन लाल."

तंबाखू का सुटली ते दोघींनाही माहीत होतं. पाच महिन्यांपूर्वी रेवेटी, हुहानाचा थोरला भाऊ आणि पारेचा नवरा, फुप्फुसांनी गेला. शवपेटीवर झाकण चढवायच्या आधी हुहानाने खिशातली तंबाखूची पिशवी काढून त्याच्या हाताखाली सरकवली होती. "घे, माझीही घेऊन जा," असं मोठ्याने म्हणाली होती, सगळ्या भावकीसमोर. मेलेल्या माणसाला दिलेली वस्तू परत मागता येत नाही.

आता प्रश्न मॉसचा होता. मागच्या आठवड्यात कड्याजवळ तो असाच थांबला नाही, आणि अकरा मेंढ्या कड्याच्या टोकापर्यंत गेल्या. नशीब म्हणून वाचल्या. फार्मच्या मॅनेजर टर्नरने ते पाहिलं. एप्रिलच्या वीस तारखेला मागच्या डोंगरावरच्या दोन हजार मेंढ्या खाली आणायच्या होत्या. तोवर कुत्रा थांबायला लागला नाही तर मॉस पारेच्या हाताखाली आणि हुहाना स्वयंपाकाला, असं तो म्हणाला होता. कुत्रा तिचा होता, टर्नरला काही तो हिसकावून घेता येत नव्हता. पण कामाचा कुत्रा खुंट्याला बांधून ठेवला की वर्षभरात त्याचं मातेरं होतं, हे तिला टर्नरपेक्षा जास्त कळत होतं. तिला तो स्वतःच्या हाताने द्यावा लागला असता.

"मला नकोय हं तुझा कुत्रा," पारे कुंपणावरून उतरत म्हणाली. "माझे तीन आहेत. खायला काळ आणि भुईला भार."

तिने हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. हुहानाने मात्र मॉसला हाक मारून जवळ घेतलं. मॉस सहा आठवड्यांचा होता तेव्हा तिच्या कोटाच्या आत झोपायचा.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात ती दूध आणायला गेली आणि तंबाखू घेऊन आली. दूध राहिलंच.

ती सरळ ओढ्यापलीकडच्या शेवटच्या कुरणात गेली, जिथे कुणी येत नाही. बोटं काही विसरली नव्हती. कागदात चिमूट पसरली, वळली, जिभेने चिकटवली. पहिला झुरका आत गेला आणि तिचे डोळे भरून आले. चव कडू लागली म्हणून, का भावाला तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. तिने मॉसला मेंढ्यांमागे सोडलं. तो लांब पोचल्यावर तोंडातली सिगारेट काढली आणि शीळ घातली.

मॉस जागच्या जागी बसला. पोट जमिनीला, नजर मेंढ्यांवर.

तिने पुन्हा सोडला, पुन्हा थांबवला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तो बसला.

"अरे माझ्या राजा!" ती एकटीच ओरडली.

तिचे वडील म्हणायचे तेच खरं. चामडं धुरावर कमावतात तसा तंबाखूचा धूर हिरड्या कमावतो, धनगराचे दात घट्ट धरून ठेवतो. लोकर कातरायच्या शेडमधली सगळी म्हातारी मंडळी हे सांगायची, एकेकाच्या तोंडात चार-चार दात उरलेले असताना सांगायची. पण ते त्या घटकेला हुहानाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ती पारेच्या दारात बूट काढत होती, तेवढ्यात पारेने तिची बाही धरून वास घेतला.

"हा आंबा नाहीये."

"वहिनी, ऐक तर—"

"काय ऐकू? झाकण मी लावलंय त्या पेटीचं! माझ्या डोळ्यांदेखत ठेवलीस तू पिशवी." पारेचा आवाज चिरकला. "तो शेवटचे चार महिने उशीला टेकून बसल्या बसल्या झोपला, हुहाना. आडवं होता येत नव्हतं त्याला. तुला काय करायचंय, त्याच्या शेजारी जागा धरून ठेवायचीय?"

"मॉस थांबला," हुहाना खालमानेने म्हणाली. "तीनदा थांबला. दात घट्ट झाला की शीळ बरोबर येते. व्हेपने दाताची वाट लागली, तंबाखूने तो सावरला. मी काय करू? कुत्रा देऊन टाकू?"

पारे आत गेली. चुलीवर मटणाची हाडं आणि पाला शिजत होता, त्यात तिने उगाचच डाव फिरवला. बाहेर आली तेव्हा आवाज खाली आला होता.

"गुरुवारी माराएच्या सभाघरासमोर अंगणात दातवाल्यांची बस येतेय, शनिवारपर्यंत आहे. आधी तिथल्या डॉक्टर पोरीला दाखव. मग तंबाखू ओढ, नाहीतर गवत ओढ."

बसमधली दाताची डॉक्टर सेइनी नावाची टोंगा बेटांवरची बाई होती, दणकट खांद्यांची आणि हलक्या हाताची. तिने आरशाच्या काडीने ओठ बाजूला केला, बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवली आणि ती किती खोल जाते त्याचे आकडे बोलत गेली. तीन, तीन, सहा, सात. हुहानाला आकडे कळत नव्हते. पण सेइनीचा आवाज सात म्हणताना उतरला, ते कळलं.

"मावशी, किती वर्षं ओढलीत?"

"पस्तीस. मग पाच महिने हे." तिने व्हेप दाखवला. "ह्यानेच रक्त येतंय ना?"

"रक्त आलं ते बरं झालं."

"बरं?"

"हिरडी आजारी असली की तिने रक्त दाखवायला हवं. धुराने तिथल्या नसा आवळून ठेवल्या होत्या, म्हणून ती गप्प होती. आतून हाड झिजत होतं, वर्षानुवर्षं. हा दात पाच महिन्यांत सुटलेला नाही, त्याला वीस वर्षं लागलीत. तुम्ही तंबाखू सोडलीत आणि हिरडीला वाचा फुटली."

हुहाना छताकडे बघत राहिली. छतावर लहान मुलांसाठी माशांची चित्रं चिकटवलेली होती.

"म्हणजे ह्या यंत्राचा काहीच दोष नाही?"

"तसं कुठे म्हटलं मी? तोंड कोरडं करतं ते. गोडाचं किटण बसतं दातांवर, बघा, इथे. निकोटिन आहे ते आहेच. हेही सोडायचं. पण सोडायचं ते पुढे जाऊन, मागे तंबाखूवर जाऊन नव्हे." सेइनीने मुखपट्टी खाली केली. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तंबाखूवर परत गेलात तर रक्त थांबेल. दात थांबणार नाहीत."

मग तिने पुढचं सांगितलं. चार वेळा शहरातल्या दवाखान्यात येऊन हिरड्यांच्या आतून सफाई करायची, बाकीचे दात वाचतील. हा एक मात्र काढावाच लागेल. ठेवला तर शेजारच्या दोघांना घेऊन जाईल.

"वीस तारखेनंतर काढ," हुहाना म्हणाली. "मी शीळ घालते ह्या दातावर. माझा कुत्रा त्या शिळेवर चालतो. दात गेला तर कुत्रा गेला."

सेइनीने वाद घातला नाही. म्हणाली, मी शनिवारी चारपर्यंत आहे.

परतताना गाडी पारे चालवत होती. हुहानाने तिला सगळं सांगितलं, तिचं तिलाच नीट जुळवता येत नव्हतं तरी सांगितलं. डॉक्टरीण म्हणते दात आधीपासूनच गेलेला. मग त्या दिवशी तंबाखू ओढल्या ओढल्या शीळ कशी सुधारली?

"सुधारली का?" पारे म्हणाली. "तुला ऐकू आली सुधारलेली?"

"कुत्रा थांबला ना!"

"मी कुत्र्याचं नाही विचारलं, शिळेचं विचारलं. उद्या मी वर जाऊन मॉसजवळ बसते. तू खालून शीळ घाल. एकदा व्हेप गळ्यात ठेवून, एकदा सिगारेट ओढून. माझ्या कानांनी ऐकू दे कुठे बिघडतेय ती."

शुक्रवारी सकाळी वारा पडलेला होता. पारे धापा टाकत उतार चढली, मेंढ्यांच्या पलीकडे, खालून चारशे पावलांवर जाऊन खडकाला टेकली. तिथून हुहाना बोटभर दिसत होती. मॉस खडकाच्या पुढ्यातून धावत सुटला की खालून शीळ यायची.

पहिल्यांदा गळ्यात व्हेप. शीळ आली, मॉस थांबला नाही. हुहानाने खालून हात पसरले, बघ, म्हणत होते मी.

मग सिगारेट. मॉस बसला.

पारेने हात वर करून खूण केली, पुन्हा. पुन्हा तो बसला. पारे खडक सोडून पुढे सरकली आणि मॉसच्या अगदी मागे जाऊन उकिडवी बसली. तिसऱ्या वेळी तिने खाली पाहिलंच नाही, फक्त कुत्र्याच्या डोक्याकडे पाहत राहिली. मग ती उठली आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली.

"सिगारेट फेक! शीळ नको! नुसता हात तोंडाकडे ने आणि खाली आण!"

"काय?"

"नुसता हात! ओढल्यासारखं कर!"

हुहानाला वाटलं वहिनीला उन्हाने भोवळ आली. पण तिने थोटूक बुटाखाली चिरडलं, मोकळा हात तोंडाशी नेला आणि खाली आणला.

मॉस धावत होता तो गपकन बसला.

पारे उतारावरून घसरत, हसत, डोळे पुसत खाली आली. "शीळ वर पोचायला एक क्षण लागतो गं. आणि ती माझ्या कानात यायच्या आधीच हा पठ्ठ्या बसलेला! दरवेळी! तो शीळ ऐकतच नाही थांबायला. तू तोंडातून सिगारेट काढलीस की तो बसतो. इतकी वर्षं सिगारेट काढल्याशिवाय तू त्याला थांबवलंसच कधी? आता ते तुझं खेळणं गळ्यात लोंबतं, हात हलतच नाही. तो बिचारा वाट बघत होता हात कधी हलतो त्याची."

हुहाना मॉसकडे बघत राहिली. तो जीभ बाहेर काढून शेपूट जमिनीवर आपटत होता.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं मी ह्याला शीळ शिकवतेय. टर्नरला म्हणायची, ह्या खोऱ्यात माझ्यासारखी शीळ नाही. आणि हा गुलाम माझा हात बघत होता!"

मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता ती गवतात बसली आणि रडली. पारे शेजारी बसून राहिली. तंबाखूची पिशवी दोघींच्या मध्ये पडली होती. पारेने ती उचलून स्वतःच्या खिशात टाकली, हुहानाने बघूनही न बघितल्यासारखं केलं.

"पण वहिनी, डोंगराच्या धारेपलीकडे गेल्यावर त्याला हात कुठून दिसणार? मागच्या आठवड्यात कड्याजवळ तो मला बघत नव्हता."

"मग शिकव आता खरी शीळ. बावीस दिवस आहेत."

"दात काढला तर शीळ राहील का?"

"नाहीतरी ती कुणी ऐकत नव्हतं," पारे म्हणाली.

शनिवारी साडेतीनला हुहाना बसच्या पायऱ्या चढली. दात निघायला फार वेळ लागला नाही. सेइनीने कापसाचा बोळा चावायला दिला आणि बजावलं की आठवडाभर तोंडाने काही ओढायचं नाही, तंबाखू नाही, व्हेप नाही, आणि शीळही नाही. तो आठवडा हुहानाने कसा काढला ते पारेच जाणे. तिच्या घरच्या तीन कपबश्या फुटल्या, एकदा दार उखडता उखडता राहिलं, आणि टर्नरने नुसतं "काय म्हणतेस" विचारलं तर त्याला असं काही ऐकावं लागलं की तो दोन दिवस त्या बाजूला फिरकला नाही. आठव्या दिवशी व्हेप हातात घेतला तेव्हा तो पूर्वीइतका गोड लागला नाही. तिने चार झुरके घेतले आणि खुंटीला अडकवून ठेवला.

शीळ मात्र येईना. दाताच्या खिंडीतून नुसती हवा जायची. जुन्या सवयीने ओठ ताणले की फुस्स आवाज यायचा आणि मॉस मान तिरकी करून तिच्याकडे बघायचा. तीन दिवस तिने नाना तऱ्हा केल्या. चौथ्या दिवशी जीभ चुकून खिंडीच्या मागे टेकली आणि फुंकर त्यातून गेली तेव्हा एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज निघाला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. हुहाना दचकली. पुन्हा काढून पाहिला. पुन्हा आला.

मग धडे सुरू झाले. आधी हात आणि आवाज बरोबर. मग आवाज आधी, हात नंतर. मग हात अर्धाच. मॉस गोंधळला, रुसला, एकदा तर कामाच्या मध्येच पाठ फिरवून गाडीत जाऊन बसला. शेवटी शेवटी ती शेडच्या भिंतीआड उभी राहून आवाज काढायची आणि पारे पलीकडून ओरडून सांगायची, बसला, नाही बसला, बसला, बसला.

वीस तारखेला धुकं होतं. हुहाना धारेवर उभी होती. खाली घळीत मॉस दोनशे मेंढ्यांच्या मागे होता आणि घळीच्या डाव्या अंगाला कडा होता. तिला मॉस दिसत नव्हता, त्याला ती दिसत नव्हती. मेंढ्यांच्या खुरांचा आवाज डावीकडे सरकल्यासारखा वाटला. शेजारी टर्नर काठी टेकून उभा होता.

हुहानाने हात कोटाच्या खिशात घातले, दोन्ही. जीभ मागे टेकवली आणि फुंकर सोडली.

आवाज घळीत उतरला. खालून काहीच आलं नाही, भुंकणं नाही, काही नाही. हुहानाने मनात वीसपर्यंत मोजलं, मग पुढे चालण्याची छोटी हाक दिली आणि वाट बघितली.

धुक्यातून पहिली मेंढी वर आली. तिच्यामागे दुसरी, मग पाच-सहा, मग सगळा कळप, पायवाटेने एकापाठोपाठ एक. पळत नव्हत्या. चालत होत्या. एक तर वाटेत थांबून गवताला तोंड लावत होती.

"कसली शीळ ही?" टर्नर म्हणाला. "कधी ऐकली नाही."

"नवी आहे," हुहाना म्हणाली.

मे महिन्यात बस पुन्हा आली, तोवर शहरात जाऊन चारही सफाया झाल्या होत्या. सेइनीने सळई फिरवली आणि आकडे बोलली. तीन, तीन, दोन, चार. सळईवर रक्ताचा ठिपका आला नाही. व्हेपचं विचारलं तर हुहाना म्हणाली की रविवारी एकदा घेते, चर्चनंतर, आणि ह्या महिन्यात दोन रविवार विसरले. सेइनीने मुखपट्टीच्या आड हसून मागच्या फळीवरून एक पट्टी काढली. पट्टीवर दातांच्या रंगाचे नमुने ओळीने लावलेले होते, पांढऱ्यापासून पिवळट छटेपर्यंत.

"आता तुमचा नवा दात. रंग निवडा मावशी. कायमचा बसवून देते, कुणाला कळायचंही नाही."

हुहानाने पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरून सगळे रंग बघितले आणि परत दिली.

"काढता येण्यासारखा कर," ती म्हणाली. "लग्नाला लावेन, फोटोला लावेन. डोंगरावर जाताना डबीत ठेवेन."

"का हो? दिवसभर खिंड घेऊन का फिरायचं?"

हुहाना खुर्चीत उठून बसली. बसचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर अंगणात मॉस मोकळा होता, आणि माराएच्या कोंबड्यांवर त्याची नजर गेलेली दिसत होती. तिने जीभ मागे टेकवली.

सेइनीने दारातून वाकून पाहिलं. कुत्रा पोट जमिनीला लावून बसलेला होता, आणि कोंबड्या त्याच्या नाकासमोरून निवांत दाणे टिपत होत्या.